राजवाड्यासमोरचा चहा

"तू जा वर. मी इथंच बसते," आई म्हणाली.

स्कॉटलंडमधल्या फॉकलंड गावच्या राजवाड्याच्या तिकीट खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो. आत दगडी गोल जिने आहेत, पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होत जातात, असं खिडकीतल्या बाईंनी आईच्या चालीकडे बघून आपणहून सांगितलं. आईला इंग्रजी बेताचंच कळतं, पण बोट हवेत गोल फिरवून दाखवलेला जिना कुणालाही कळला असता. साताऱ्याहून ती माझ्याकडे डंडीला आली त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. गुडघे मात्र सात वर्षांचे जुने.

मी तिला रस्त्यापलीकडे नेलं. राजवाड्याचं दार इथं थेट गावच्या मुख्य रस्त्यावर उघडतं. मध्ये खंदक नाही, मोठं मैदान नाही. समोरच्या ओळीत एक टीरूम आहे. पुढच्या खोलीत भेटवस्तूंची शेल्फं, मागच्या खोलीत आठ टेबलं आणि त्यामागं स्वयंपाकघर. आईला खिडकीजवळ बसवलं, किटलीभर चहा आणि मनुकांचा स्कोन, म्हणजे इथला छोटा पाव, सांगितला आणि मालकीणबाईंना विचारलं, आई इथं तासभर बसली तर चालेल का? साठीच्या आसपासच्या त्या बाई म्हणाल्या, त्यांना हवं तितका वेळ बसू देत.

बाहेर पडताना मागं वळून पाहिलं. खिडकीतून राजवाडा समोर दिसत होता, पण आई तिकडे बघतच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

तिचं बरोबरच होतं. तिनं सव्वीस वर्षं खानावळ चालवली. साताऱ्यात राजवाडा म्हटलं की छत्रपतींचा तो जुना वाडा, त्याच्या पुढ्यातला बसथांबा, बाग, खाण्याच्या गाड्या, सगळा भाग डोळ्यांपुढे येतो. त्या वाड्यात पुष्कळ वर्षं कोर्ट भरायचं. तारखेला आलेले पक्षकार, कारकून, खेड्यातून शिकायला आलेली पोरं हे आईचे मेंबर. त्याच गल्लीत आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे खानावळ. मी अभ्यास केला तो ताटांच्या आवाजात.

फॉकलंड हे नाव आपल्याकडे बहुतेकांना १९८२च्या युद्धामुळं माहीत आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या त्या बेटांना ते नाव एका व्हायकाउंट फॉकलंडवरून मिळालं, आणि त्याच्या किताबात हे नाव आलं ते स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातल्या या लहानशा गावावरून. गावाच्या पाठीशी ईस्ट लोमंड टेकडी आहे. टेकडीखालच्या रानात पूर्वी राजे हरणांच्या शिकारीला यायचे, म्हणून इथं राजवाडा. आजची इमारत मुख्यतः १५०१ ते १५४१ या काळातली. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यानं सुरू केली, त्याचा मुलगा पाचवा जेम्स यानं फ्रेंच कारागीर आणून पुरी केली. अंगणातून वर पाहिलं की भिंतीवर दगडात कोरलेले गोल चेहरे दिसतात. एवढ्या उत्तरेच्या, थंड, पावसाळी गावात ते फ्रेंच चेहरे पाहून मला फार गंमत वाटली.

टेनिसचं अंगण मात्र मला सर्वांत आवडलं. १५३९ सालचं. आजच्या लॉन टेनिसच्या किती तरी आधीचा, चार भिंतींच्या आत खेळायचा तो खेळ. चेंडू भिंतीवरून, उतरत्या छपरावरून परत येतो. या अंगणाला वर छत नाही आणि तिथं अजूनही खेळ होतो. जगात इतकं जुनं आणि वापरातलं दुसरं नाही. मेरी राणी इथं पुरुषी विजार घालून खेळायची असं गावात सांगतात. खरं असो वा नसो, मला ते खरं हवं आहे.

कारण याच राजवाड्यात त्या मेरीच्या जन्माची बातमी तिच्या बापाला मिळाली आणि ती बातमी त्याला आनंदाची वाटली नाही. पाचवा जेम्स तीस वर्षांचा होता. दोन मुलगे आदल्याच वर्षी, १५४१ मध्ये, तान्हेपणीच गेले होते. नोव्हेंबर १५४२ मध्ये सॉल्वे मॉसला इंग्रजांकडून त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि तो इथं येऊन अंथरुणाला खिळला. ८ डिसेंबरला लिनलिथगोला मुलगी झाली. निरोप आल्यावर, हे घराणं एका मुलीपासून आलं आणि एका मुलीबरोबरच जाईल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला असं सांगतात. स्ट्युअर्ट घराण्याकडे गादी आली होती ती ब्रूस राजाच्या मुलीकडून, मार्जरीकडून. १४ डिसेंबरला तो वारला. सहा दिवसांची मुलगी राणी झाली.

राजाच्या शयनगृहात मी बराच वेळ उभी होते. ही खोली पुन्हा उभी केलेली आहे, तो पलंग त्याच्या मरणाचा नव्हे, हे मला माहीत होतं. तरीही साताऱ्याच्या माणसाला वारसाच्या गोष्टीपुढून पटकन हलता येत नाही. १८४८च्या एप्रिलमध्ये छत्रपती शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराज, वारले. पोटी मुलगा नव्हता, शेवटच्या घटकेला त्यांनी दत्तक घेतला. लॉर्ड डलहौसीनं तो दत्तक मानला नाही आणि सातारा खालसा केलं. वारस नाही म्हणून राज्य गिळण्याच्या त्याच्या धोरणातलं ते पहिलं. हा डलहौसी स्कॉटिश. एडिनबरोच्या दक्षिणेला डलहौसी किल्ल्यात १८१२ साली जन्मला, १८६० साली तिथंच मेला. फॉकलंडहून गाडीनं तास-दीड तासाच्या अंतरावर. एका राजाला मुलगी वारस म्हणून पुरेशी वाटली नाही, दुसऱ्याचा मानलेला मुलगा परक्या साहेबाला पुरेसा वाटला नाही. आमच्या राजवाड्यात पुढं कोर्ट भरलं आणि त्या कोर्टात निम्म्या तारखा वारसाच्याच असायच्या. जेवायला बसलेल्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी हेच ऐकलं आहे: हिस्सा, दत्तक, बहिणीची सही.

फॉकलंडच्या राजवाड्याचा उतार मात्र वेगळ्या कारणानं झाला. १६०३ साली मेरीचा मुलगा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला. १६५४ साली इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याच्या मुक्कामात आग लागून पूर्वेची बाजू जळाली. ती अजून बिनछपराची उभी आहे. १८८७ पासून ब्यूटच्या तिसऱ्या मार्क्विसनं मोठ्या मायेनं डागडुजी केली, आणि १९५२ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था सांभाळ करते.

राजवाड्याबद्दलचं हे सगळं पाट्यांवर लिहिलेलं आहे. पाट्यांवर कमी लिहिलेलं असतं ते समोरच्या गल्ल्यांबद्दल. इथं गल्लीला वाइंड म्हणतात. क्रॉस वाइंड, बॅक वाइंड. दगडी बुटकी घरं, कित्येक दारांवरच्या पाटईवर नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं आणि साल कोरलेलं. एका घरावर १६१०, आणि त्याच्यावर अजूनही बोरूचं छप्पर. दरबार होता तेव्हा शिकारी ससाणे सांभाळणारे, घोड्यांचं बघणारे, भटारखान्यातले लोक या गल्ल्यांतून राहत. दरबार गेल्यावर गावानं लिनन विणायला घेतलं. घराघरात हातमाग आले. मग कारखान्यांनी तेही नेलं. १९७० साली फॉकलंडला स्कॉटलंडमधलं पहिलं संरक्षित वस्तीक्षेत्र ठरवलं गेलं, म्हणून घरं वाचली. पण घर वाचलं तरी आत राहणाऱ्याला पोट असतंच. आज ते भरतं ते पुष्कळसं राजवाडा बघायला येणाऱ्यांमुळं, आणि अलीकडे एका परदेशी मालिकेत हे गाव १९४०च्या दशकातलं इन्व्हर्नेस म्हणून दाखवलं गेल्यापासून चौकातल्या कारंज्यापुढे फोटो काढणाऱ्यांमुळंही. राजवाड्यापायी आलेल्या माणसाला खाऊ घालणं, हा या गावाचा चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा धंदा होता. मध्ये तो मोडला आणि आता टीरूमच्या रूपानं परत आला आहे, असं मला त्या गल्ल्यांतून हिंडताना पक्कं वाटलं.

तासाभराचे दोन तास झाले होते. मी धावतच परत आले.

खिडकीजवळच्या टेबलावर आई नव्हती. तिथं चौघांचं एक कुटुंब सूप पीत होतं. माझ्या पोटात गोळा आला. मग पुढच्या खोलीत, भेटवस्तूंच्या शेल्फापाशी, ती दिसली. एका स्टुलावर बसून भांडी पुसायच्या छापील टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"अगं आई, काय करतेयस?"

"बघतात, उलगडतात आन् तसेच टाकून जातात," ती म्हणाली. "साडीच्या दुकानासारखं."

झालं होतं असं. बाराला जेवणाची गर्दी सुरू झाली. माणसं दाराशी थांबली. आईनं किटलीतला शेवटचा चहा संपवला, आपली कपबशी, ताटली, सुरी एकावर एक रचली आणि उठून पुढच्या खोलीत येऊन बसली. कुणी उठवलं नव्हतं. "एका चहावर खिडकीचं टेबल अडवून बसायचं जिवावर येतं गं. आठच टेबलं हायेत त्यांची. बारा ते दोन तेवढाच धंदा." आमच्या खानावळीत एक पंगत उठली की ओलं फडकं फिरायचं आणि पुढची बसायची. बसून राहिलेल्या माणसाला आई कधी काही बोलली नाही, पण जो आपणहून उठायचा त्याला दुसऱ्या दिवशी ताक जास्त मिळायचं.

मालकीणबाईंनी हे सारं पाहिलं होतं. त्यांनी पहिल्यांदा आईच्या हातातला टॉवेल काढून घ्यायचा प्रयत्न केला. आईनं सोडला नाही. मग त्यांनी स्टूल तेवढं मऊ गादीचं आणून दिलं.

गर्दी ओसरल्यावर त्या आमच्याजवळ येऊन बसल्या आणि मला कळलं की दोन तासांत मला राजवाड्यात जेवढं समजलं त्याहून आईला इथं जास्त समजलं होतं. हातवारे, बोटांवरचे आकडे आणि दहा-बारा इंग्रजी शब्दांवर. सकाळी सात वाजता स्कोनची पहिली खेप, दहाला दुसरी. उरलेला स्कोन दुसऱ्या दिवशी विकायचा नाही. सूप रोज एकच, कारण शेगड्या चार आणि हात दोन. शनिवारी शाळेतली दोन पोरं ताटल्या उचलायला. हिवाळ्यात राजवाडा बंद झाला की आठवड्यातले मोजकेच दिवस उघडायचं, आणि उन्हाळ्यात मिळवलेलं मार्चपर्यंत पुरवायचं. "आपल्याकडं पावसाळ्यात मेंबर घटायचे तसं," आई म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि आईला विचारलं, मग तुम्ही काय करायचात? आई म्हणाली, "डबे." मला ते समजावून सांगायला पाच मिनिटं लागली आणि बाईंनी ती पाचही मिनिटं लक्ष देऊन ऐकलं.

बोलताना त्या आईला 'हेन' म्हणत होत्या. कोंबडी असा अर्थ घेऊन आईनं माझ्याकडे पाहिलं. इकडं प्रेमानं तसं म्हणतात, आपल्याकडं 'बाय माझे' म्हणतात तसं, असं सांगितल्यावर ती लाजली. आईला असं लाजताना मी फार वर्षांनी पाहिलं.

एक गोष्ट आईला राहून राहून नवलाची वाटत होती. त्या दोन तासांत तिथं आठ-दहा बाया एकट्या आल्या, एकट्या बसल्या, चहा पिऊन गेल्या. कुणी वळून पाहिलं नाही. आईच्या तरुणपणी साताऱ्यात बाई हॉटेलात गेलीच तर ती 'फॅमिली रूम'मध्ये. पडद्याआड. तेही घरातला पुरुष बरोबर असेल तर. स्वतःची खानावळ असलेली माझी आई दुसऱ्याच्या हॉटेलात एकटी बसून चहा प्यायला पन्नाशीनंतर शिकली.

स्कॉटलंडमध्ये टीरूम ही गोष्ट जी फोफावली त्यात याचा मोठा वाटा आहे. १८७५ साली ग्लासगोत स्टुअर्ट क्रॅन्स्टन या चहाच्या व्यापाऱ्यानं दुकानातच टेबलं मांडून चहा द्यायला सुरुवात केली. तीनच वर्षांनी त्याची बहीण केट हिनं स्वतःची टीरूम काढली, मग आणखी काढल्या. १९०३ सालची तिची विलो टीरूम चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुरचनाकारानं चमच्याकाट्यांपर्यंत आखून दिली. तो दारूविरोधी चळवळीचा काळ होता. गुत्ते पुरुषांचे. टीरूममध्ये बाई सोबतीशिवाय, अब्रूला धक्का न लागता, दुपार काढू शकत होती. दुकानात, कचेरीत काम करणाऱ्या पोरींना शहरात बसायला जागा मिळाली. मला केट क्रॅन्स्टनबद्दल राजांपेक्षा जास्त माहिती हवी आहे. आईलाही तिचीच गोष्ट दोनदा सांगावी लागली.

आणि किटलीत होता आसामचा चहा. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला आसामात सिंगफो लोकांकडून चहाच्या झाडांचा ठावठिकाणा कळला. ते लोक तो आधीपासूनच पीत होते. त्याच्या भावानं, चार्ल्सनं, पुढं लागवड वाढवली आणि १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. मी हे उत्साहानं सांगितलं. आईनं कप नाकाशी नेला. "पत्ती चांगली आहे. उकळत का नाहीत?"

शेल्फांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आईनं ती घडी घालता घालता नीट वाचली होती. हायलँडच्या झिपऱ्या गाईचे मग आणि मोजे सगळीकडे मिळतात तसे इथंही होते. चौकड्यांचं टार्टनही होतं, खरं तर फाइफ हे सखल मुलखातलं. डोंगरी लोकांच्या त्या पेहरावावर १७४६ साली कायद्यानं बंदी आली, ती १७८२ ला उठली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळ्या समारंभाला टार्टन नेसवलं, तिथून ते अख्ख्या देशाचं झालं. मला ते विकण्यात गैर वाटत नाही, लोक प्रेमानं घेतात. पण खालच्या दोन फळ्यांवर जे होतं ते मी परत परत हातात घेतलं: आसपासच्या गावांतल्या कुंभारकाम करणाऱ्यांचे वाडगे, लोकरीच्या किटलीटोप्या, लाकडी चमचे. प्रत्येकाला दोरीनं बांधलेली चिठ्ठी, त्यावर करणाऱ्याचं नाव आणि गाव. ज्या गावाचे हातमाग गेले तिथं हातानं केलेल्या वस्तूला एक फळी आहे, आणि ती दारातून शिरल्यावर डोळ्यांसमोर नव्हे, तरी हाताला येईल अशी आहे.

निघताना बाईंनी एका बशीत चौकोनी, फिकट तपकिरी वड्या आणल्या. याला इथं टॅब्लेट म्हणतात. साखर, लोणी आणि आटवलेलं डब्यातलं दूध. आईनं एक तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मोती चौकातल्या कंदी पेढ्याशेजारी वाढलेल्या बाईची ती परीक्षा होती.

"गोड जास्त आहे," ती हळूच मला म्हणाली. मग दाताखाली आणखी एक तुकडा फोडला. "पण रवाळ बघ किती एकसारखं. पाक गोळीबंद करून मग घोटलंय. यंत्रानं नाही, हातानं."

मी बाईंना विचारलं. त्यांनी उजवा दंड चोळून दाखवला.

आईनं एक टॉवेल विकत घेतला, तिनंच घडी घातलेला. त्याचे पैसे बाई घेईनात. आईनं ते मोजून गल्ल्याशेजारी ठेवले आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, धंदा आहे. फुकट देऊ नये." मी सांगितलं. बाईंनी पैसे उचलले, पण वड्यांची एक पुडी जास्तीची बांधली. आईनं ती घेतली. जास्तीच्या ताकाचा तो हिशेब दोघींना कळला होता, माझ्या भाषांतराची गरज पडली नाही.

ऑगस्टअखेर आई परत गेली. ऑक्टोबरात तिचा व्हिडिओ कॉल आला. ताटात पिवळट, चिकट, सुरीला ओढत येणारं काहीतरी होतं. दोनदा केलं, दोन डबे दूध वाया गेलं, रवा धरतच नाही. "तू जाशील ना तिकडं? विचार त्या बाईंना, किती वेळ घोटायचं."

राजवाडा मोसमापुरता बंद व्हायला आला होता. मी शनिवारी गेले. लोमंडवर ढग टेकले होते, टेबलांवर तीनच माणसं होती. बाईंनी मला ओळखलं, आधी आईचे गुडघे विचारले, मग प्रश्न ऐकला. आणि वेळ सांगण्याऐवजी त्यांनीच उलट विचारलं, त्या भांडं कुठं ठेवून घोटतात?

मी तिथूनच आईला फोन लावला.

"कुठं म्हणजे? गॅसवर. बर्फीसारखं, कढई सोडेपर्यंत."

बाईंना ते इंग्रजीत सांगायच्या आधीच कळलं होतं. त्यांनी रिकामं पातेलं उचललं, शेगडीवरून काढून लाकडी फळीवर आपटल्यासारखं ठेवलं, आणि फोनसमोर धरून चमचा जोरानं फिरवून दाखवला.

"खाली उतरवून?" आई म्हणाली. "आचेवरनं काढून? अगं मग बरोबर, आत्ता कळलं. साखर थंड होताना रवा धरणार. थांब, डबा आहे अजून एक घरात. फोन असाच भिंतीला टेकवून ठेवते, त्यांना म्हणावं बघत राहा."